शेवटची चार बोटं

वादी लागते त्याहून लांब कापायची,
बापूंनी मला पहिल्यांदा शिकवलं ते हे.
शेवटची चार बोटं शिवता येत नाहीत,
ती धरायलाच लागतात.
दर जोडामागं तेवढं चामडं वाया.
वाया म्हणू नगंस, ते म्हणायचे,
आणि तुकडा बिस्किटाच्या डब्यात टाकायचे.

राजारामपुरीत डॉक्टरीणबाईंनी
छाती ऐकायच्या आधी केसांचं विचारलं.
कधी पिकले?
बापू खोकत हसले. लग्नात डोक्याला फेटा होता,
म्हणून तर झालं.

मग आज्जाचं विचारलं.
आज्जाचे चाळिशीत पिकले. गेला बासष्टाव्या वर्षी, दम लागून.
बापूंचे पंचविशीत. आत्ता एक्कावन्न.
मी गप्प.
बाईंनी माझ्या भांगाकडं बघितलं,
मेंदीच्या खाली बोटभर पांढरं.
कागदावर बाप्यांना चौकोन होते, बायकांना गोल.
एक गोल त्यांनी गिरवून काळा केला.
ती मी.

सुभाषनगरात आजवर कारणं तयार होती:
बाभळीच्या सालीचं पाणी, रापीखालची धूळ, विडी,
कुणीतरी उंबऱ्यात पुरलेलं लिंबू.
काकू अजून लिंबूच धरून बसल्यात.

रक्त पुण्याला गेलं. सव्वा महिन्यानं पानभर उत्तर आलं.
बाई सोप्यात सांगायला बघत होत्या:
पेशी दुभंगते तेव्हा गुणसूत्राचं टोक
दरवेळी थोडं आखूड होतं,
म्हणून टोकाला बिनकामाची अक्षरं असतात,
तीच ती सहा, हजारो वेळा,
झिजायलाच ठेवलेली.
"बिनकामाची कशी? धराय लागत्यात की."
बाईंनी पेन खाली ठेवलं.

आणि वादी संपत आली तर काय करता?
सांधा. टोकाला चीर पाडायची, दुसरी ओवायची.
तेच, बाई म्हणाल्या, आतही एक सांधणारा असतो.
त्याला घडवायचा जो लेख आहे
त्यात तुमच्या घरी एक अक्षर चुकलंय.
तीन अब्जांत एक.
तो सांधतो, पण पुरं पडत नाही.
आणि पुढच्याच्या हातात येते ती
आधीच आखूड झालेली वादी.

ज्यांची लांब असते त्यांचं बरं असेल, मी म्हटलं.
तसंही नाही. पेशी थांबायचं विसरतात, गाठी धरतात.
बेतानं असावी.
बेत कोण ठरवतं?
पुष्कळ जनुकं, थोडं थोडं, म्हणाल्या,
आणि मला आमच्या विहिरीच्या वाटण्या आठवल्या,
एका पाण्याला सतरा सह्या.

चप्पल लाईनीत माल टाकायचा होता.
केएमटीत पिशवी मांडीवर घेऊन
बासष्टातून एक्कावन्न वजा केले,
एक्कावन्नातून तेवढेच पुन्हा,
बिंदू चौक आला तेव्हा सोडून दिलं.

सुकुमारला तपासणी नको.
नाणं उडवल्यागत हाय म्हणतासा न्हवं,
मग ऱ्हाऊ दे वरच.
त्याचे केस काळेभोर.
रोज आरशात भांग बदलतो.

मी रेवतीची वेणी घालताना हल्ली वेळ लावते.
"आई, ऊ हुडकतीस?"
हो म्हणते. सहा वर्षांची आहे,
तिला उवांची भीती पुरे.

बापू आता शिवत नाहीत. आरी दाबली की दम लागतो.
नाकात नळी, शेजारी सिलिंडर,
मांडीवर तो बिस्किटाचा डबा.
चार-चार बोटांचे तुकडे निवडतात,
रापीनं उभे चिरतात, केसासारखे बारीक,
आणि पोरीच्या चपलेला गोंडा बांधतात.

जरा मोठाच झालाय.
चालताना तिच्या पायाआधी
तोच हलतो.