यंदाची यादी, वडगाव

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी
मजुरीच्या वहीचं मागचं पान उघडतो.
पुढच्या पानांवर साड्या, जोड, वजा उचल.
मागच्या पानावर सिनेमे.

यंदा एकोणीस. दोन दोनदा बघितले,
म्हणजे तिकिटं एकवीस.
एक शर्टाच्या खिशात धुतलं गेलं,
त्याचा लगदा तसाच चिकटवलाय.

आधीच सांगून ठेवतो, डाव्या कानानं मला ऐकू येत नाही.
तीस वर्षं माग त्या अंगाला.
उजवा शिल्लक आहे, खरं तोही संध्याकाळी थकतो.
म्हणून गाण्यांबद्दल मला विचारू नका.
मराठी असो, कन्नड असो,
मला अर्धंच कळतं. दोन्ही सारखंच अर्धं.
गावात ह्यावरनं पाट्या बदलतात, दगड उडतात.
मी ओठ बघतो.

तर.

तो विणकराचा सिनेमा, पोरं सगळी चांगला म्हणाली.
खरं माझ्या यादीत नाही.
त्यात धोटा सुटतो तेव्हा
हीरो कुठंतरी लांब बघत असतो.
लांब बघितलं तर बोट जातं, बाबांनो.
तिथंच उठलो मी.

कंडक्टरबाईचा कन्नड पिक्चर आहे यादीत,
चौथा की पाचवा, ठरत नाही.
बाई दिवसभर तिकिटं फाडते
आणि रात्री घरी जेवताना
भाकरीचा पहिला तुकडा अगदी तसाच फाडते,
मग समोर धरते. समोर कोणी नाही.
थेटरात मी एकटा हसलो.
मग गप्प झालो.

तिसरा भुताचा. तसा पडेल.
खरं शेवंतानं त्यात माझा हात धरला,
चारचौघांत, लग्नानंतर पहिल्यांदा,
आणि इंटरव्हलला मिरची भजी खाताना विसरून गेली.
तिसरा म्हणजे तिसरा.

दुसरा, पाऊणच बघितलेला.
लाईट गेली, जनरेटरला डिझेल नाही,
मॅनेजरनं अर्धे पैसे हातावर ठेवले.
माणूस पुलावर उभा होता, पिशवी घेऊन,
निघायच्या बेतात.
अजून उभाच आहे.
तिसऱ्या गेटावर फाटक पडलं की आठवतो.

पहिला नंबर मी बघितलेला नाही.

इराप्पानं बघितला, गोकाकात.
समोरच्या मागावर असतो तो.
बारा माग चालू असताना आमच्यात कोणी बोलत नाही,
हात बोलतात.
दोन बोटं म्हणजे चहा.
मुठीवर अंगठा, मालक आला.
एवढ्यात सिनेमा मावत नाही.
त्यानं नव्या खुणा काढल्या.
खांद्यावरचा टॉवेल डोक्यावर घेतला, बाई.
टॉवेल झटकला, बाई चिडली.
पालथा तळहात सरकत गेला, नदी.
तोच तळहात गळ्यापर्यंत आला, महापूर.
बाई कौलावर चढली, तेवढ्यात
त्याचा ताणा तुटला.

दुसऱ्या दिवशी तो जत्रेला गेला.
चार दिवस बाई माझ्या डोक्यात कौलावर बसून,
कोंबडी मांडीत.
कोंबडी माझी. त्याच्या गोष्टीत नव्हती.

आला तेव्हा जेवलास काय विचारायचं राहिलं.
मागाच्या ह्या बाजूनं
मी तळहात पालथा धरला.
त्यानं स्वतःचा उताणा केला.
रिकामा.

पाणी ओसरलं, का बाई गेली?
त्याला आमच्यात खूण नाही.
परत विचारणार, तर त्यानं मूठ वळली, अंगठा वर.
मालक आला.

शेवंता म्हणते, मोबाईलवर मिळतोय की, बघ.
बघतो म्हणालो.
नाव कुठं माहीत आहे मला.
वहीत तिकिटाच्या जागी
त्या तुटल्या ताण्याचा धागा चिकटवलाय, हिरवा,
आणि पुढं लिहिलंय
एक.