लाभ, दोन, तीन

बाबा नारळ मोजायचे तेव्हा एक म्हणत नसत.
लाभ, म्हणायचे. मग दोन, मग तीन.
एक म्हटलं तर एकच उरतो, असं काहीतरी.
मी कॉम्प्युटरसमोर दोनशे पानी वही उघडतो
आणि पहिल्या टेकसमोर अजून लाभ लिहितो.
सॉफ्टवेअर त्याला ऑडिओ_०१ म्हणतं. म्हणू दे.

दाभोळला, बर्फाच्या फॅक्टरीमागे माझी खोली:
भिंतींना अंड्यांचे ट्रे, दाराला दोन गोधड्या,
पंखा आहे, पण रेकॉर्डिंगला बंद.
मैमुना हुर्झुक आल्या, बालवाडीतून रिटायर झालेल्या,
ओढणीने घाम टिपत.
फेरीबोटीसाठी बाईमाणसाचा आवाज हवा होता.
गाड्या हँडब्रेकवर ठेवा.
कठड्यावर बसू नका.
लहान मुलांचे हात धरा.

एवढंच. पंधरा मिनिटांचं काम.

वहीत असं आहे:
लाभ – बाई विचारतात, सुरू झालं का?
दोन – कावळा.
तीन – गाड्या छान, हँडब्रेक गिळला. शेवटी अडखळ.
चार – बर्फाची गाडी रिव्हर्स.
पाच – मी खोकलो.
सहा – कठडा सुरेख. अडखळ.
सात – कॉम्प्रेसर सुरू. चहा.
इथे एक लिहायचा राहिला,
म्हणून वहीतला आठ म्हणजे स्क्रीनवरचा नऊ,
आणि पुढचं सगळं तसंच एकेकाने सरकलेलं.

आमच्याकडे टेकणं म्हणजे वेगळंच.
डोक्यावर पाटी घेऊन घाटी चढताना
मध्ये गडगा लागला की त्यावर भार ठेवायचा,
मान मोकळी करायची, मग पुढे.
बाई दरवेळी टेकत होत्या, एकाच जागी.
मुलांचे.
आणि मग हात.
मी पाणी दिलं. खडीसाखर दिली.
माइक चार बोटं मागे घेतला.
विचारलं नाही.

रात्री सगळे आवाज एकाखाली एक मांडले,
ओहोटीनंतर पुळणीवर रेघा उरतात तसे,
आणि प्रत्येक रेघेला तिथेच खळगा.
खळगे बुजवायचेच तर मला पैसे मिळतात.
गाड्या तीनमधल्या, हँडब्रेक अकरातला,
कठडा सहातला, मुलांचे नऊतले, हात बारातला,
आणि एक श्वास चहाच्या आधीचा, कुठेतरी चिकटवायला.
सांधे घासून घासून गुळगुळीत केले.
निवडलेले हिरवे, उरलेले राखाडी.
फाइलचं नाव फायनल. मग फायनल_२.
मग खरंच_फायनल.

महिन्याभराने बाई जेटीवर भेटल्या,
धोपाव्याहून येत होत्या, पिशवीतून तिसऱ्यांचं पाणी गळत होतं.
म्हणाल्या, आवाज माझा आहे,
पण हे मी बोललेले नाही.
मी म्हटलं, बाई, एकेक शब्द तुमचाच आहे.
शब्द असतील, त्या म्हणाल्या.
मी तिथे थांबले होते ना?
तू थांबू दिलं नाहीस.

नशीब, राखाडी पुसले नव्हते.
वहीतला नऊ उघडला, तो निघाला सात चहावाला नंतरचा
भलताच कुठला तरी. मग आठवलं: एक पुढे.
स्क्रीनवरचा दहा.
कावळा नाही, गाडी नाही, मी नाही.
हँडब्रेक जरा घाईत आहे, असू दे.
अख्खा घेतला. कुठे कात्री लावली नाही.
वहीतलं अडखळ खोडलं
आणि त्याच्या जागी काय लिहावं ते सुचेना,
म्हणून तिथे कोरंच आहे.

आता तोच लागतो.
सकाळच्या पहिल्या फेरीला नेमका त्या जागी
बोटीचा भोंगा वाजतो, कुणाला काही कळत नाही.
दुपारी गर्दी नसते.
दुपारी, मुलांचे म्हटल्यावर
पुढचा शब्द येण्याआधीच
स्कूटरवरचा एखादा माणूस
हात मागे नेऊन चाचपतो.