निळा थेंब

फ्रिजच्या वरच्या कप्प्यात, तुपाच्या बरणीला टेकून
एक बोटभर बाटली उभी.
आतलं पाणी निळं, द्राक्षांवर मारायच्या मोरचुदासारखं.
अयोध्याबाई बर्फ मागायला आली,
म्हणाली, "काहून गं, नीळ फ्रिजात ठिवती का तू?"

नीळ नाही, बाई. तांबं आहे त्यात.
तांबं आणि पेप्टाइड.

दीक्षा फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला, संभाजीनगरला.
फोनवर म्हणाली, आई, तुझी पोत आठव.
अख्खी पोत म्हणजे प्रथिन.
ती तुटून तीन मणी घरंगळले, तर ते पेप्टाइड.
कातडीला असे सुटे मणी दिसले
की तिला वाटतं, आपल्यात काहीतरी तुटलंय,
आणि ती पुन्हा ओवायला बसते.
"म्हणजे खोटं सांगायचं तिला?"
"हाव. थोडंसं."
मग जरा थांबून, "जुन्या वणाला फार फरक नाही पडत, आई.
पैसे जातील."

अठराशे पन्नास गेले.

यांचा वण अकरा वर्षांचा.
जालन्याची रोलिंग मिल, रात्रपाळी,
लाल सळई रुळावरून सुटली
आणि डावा गाल, कानाची पाळी, दंड
असं एका ओळीत लिहून गेली.
सुपरवायझरनं आधी विचारलं, चष्मा फुटला का.
चष्मा कंपनीचा होता.

त्यानंतरच्या सगळ्या फोटोंत मी यांच्या डाव्या अंगाला,
अर्धं पाऊल पुढं.
मला कुणी सांगितलं नव्हतं.
गल्लीत घरटी एक माणूस भाजलेला, कोण कुणाकडं बघतंय,
पण श्रावणात एकदा हेच म्हणाले, ताटावरून न उठता,
"पोरीच्या कॉलेजात आईबापांना बोलावलंय म्हणे.
ह्याला लावायला काही मिळतं का?"
ह्याला.
जणू जेवायला थांबलेला कुणी पाहुणा.

साडेनऊला, बातम्या संपल्या की
हे ट्यूबलाइटखाली पाटावर बसायचे.
मी दोन थेंब घ्यायची. गार. ते दचकायचे.
वण कडेला चिवट, मधे तुळतुळीत,
निवलेल्या दुधावरच्या सायीसारखा.
आधी दुखेल म्हणून मी हात लावला नव्हता,
नंतर, लावला नव्हता म्हणून.

बोटाला उरेल ते माझ्या वांगावर.
दोन्ही गालांवर आहे, राखेच्या रंगाचं.
आई जायफळ उगाळून लावायची,
पाहुणे यायचे असले की वर साय, बेसन.
स्थळाला पोरगी गव्हाळ सांगितली होती, निघाली सावळी,
तर बोलणी पुन्हा बसली
आणि एक शिलाई मशीन वाढली.
ती अजून चालते.
ब्लाउजचे दीडशे घेते मी.

दोन महिने असे गेले, मग कॉलेजात गेलो.
पोरी पाया पडल्या. चहा फार गोड होता.
दीक्षानं सरांना सांगितलं, "हे पप्पा. स्टीलमध्ये आहेत."
फोटोच्या वेळी तिनं मला हाताला धरून
पलीकडच्या बाजूला नेलं
आणि स्वतः डावीकडं उभी राहिली.
बुटकी आहे, यांच्या खांद्याइतकी.
वण अख्खा आला.

परतीच्या बसमध्ये, बदनापूरच्या अलीकडं,
यांनी तो फोटो बोटांनी ताणून ताणून बघितला.
"कमी झालाय," म्हणाले.
मी म्हटलं, "हाव."

बाटली संपली त्याला नऊ दिवस झाले.
साडेनऊला हे अजून येऊन पाटावर बसतात.
मी बोट पाण्यात बुडवते.

ड्रॉपर धुऊन ठेवलाय,
मशीनला तेल घालायला बरा पडतो.