तळटीप ४७

नाझिब्रोलाच्या एकवीस वह्या. चौकटींच्या, शाळकरी,
मलपृष्ठावर पाढे छापलेल्या.
प्रसूतिगृहाच्या धोबीखान्यात ती कामाला होती
आणि कुणी सांगितलं नसताना रोज टिपून ठेवी:
१४ मार्च. वारा खाणीकडून. बावीस चादरी.
नऊ पुन्हा धुतल्या.

या गावावरून मॅंगनीजचे पाळणे जातात,
लोखंडी, दोरावरून, डुलत.
खाली नदी, कॉफीच्या गाळासारखी.
त्बिलिसीहून मी आले ती प्रबंध काखोटीला मारून.
नाव लांबलचक: औद्योगिक धूळ, नागरी दायित्व
आणि पुराव्याचा भार.
भार हा शब्द तोवर मी फक्त पुस्तकातच उचलला होता.

आधीची फिर्याद फेटाळताना न्यायाधीशांनी विचारलं होतं,
धूळ मोजली कुठल्या यंत्राने?
ते यंत्र तपासलं कुणी?
हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणतात.
कोर्टाला आरसा लागतो,
आरशाचा दाखला लागतो,
आणि दाखल्यावर गोल शिक्का.

म्हणून मी मोजायला बसले.
अख्खा हिवाळा, शेगडीशी, तक्ते आखत:
वाऱ्याचा रकाना, चादरींचा रकाना,
पुन्हा धुतलेल्यांचा रकाना.
आलेख सुंदर चढत होता. मला आनंद झाला होता,
हे कबूल करायला हवं.

अकराव्या वहीपाशी मी चष्मा पुसला.
तेराव्या वहीला भिंग मागवलं.
मग उठून पहिली वही पुन्हा उघडली, दिव्याखाली,
आणि शेजारी शेवटची.

पहिलीत अक्षर कसं, वेलीला द्राक्षं धरावीत तसं,
गोल, भरलेलं.
नवव्या वहीत त्याचे मनुके.
चौदाव्यात राळे.
शेवटच्या वहीत नुसती खसखस,
तीही सांडलेली.

मी वारा मोजत होते. चादरी मोजत होते.
हात मोजायचा राहिला होता.

डॉक्टर इंगा म्हणाली, मॅंगनीज असंच येतं,
नाकावाटे, पाहुण्यासारखं, चपला काढून.
आधी अक्षर नेतं,
मग चेहऱ्यावरचं हसू,
मग चाल; माणूस चवड्यांवर चालू लागतो,
कोंबडा चालतो तसा.
हे सिद्ध होईल का, मी विचारलं.
ती म्हणाली, वय झालं असंही म्हणतील.

प्रबंधात ओरडता येत नाही.
मी लिहिलं: हस्ताक्षरातील बदलासाठी पाहा, तळटीप ४७.

छापील प्रत घेऊन गेले तेव्हा तिने विचारलं,
यात मी कुठे?
मी बोट ठेवलं. वाक्याच्या शेवटी, ओळीच्या जरा वर
अडकवलेला बारीक आकडा.
‘चिमट्यासारखा,’ ती म्हणाली.
चेहरा हसला नाही, तो आता हसत नाही,
पण खांदे हलले.

खटला अजून तारखांवर आहे.
धोबीखाना बंद झाला. तिची स्वतःची दोरी आहे,
परसात, अक्रोडापासून खांबापर्यंत.

निघताना तिने बाविसावी वही पुढे सारली, कोरी,
आणि पेन्सिल.
मी लिहिलं: ३ नोव्हेंबर. वारा नाही.
एक उशीचा अभ्रा.
ती वाकून बघत राहिली.
‘मोठं काढ,’ म्हणाली. ‘जागा आहे.’