बेचाळीस नंबर

बाबांनी कोट काढलाच नाही.
चष्मा कपाळावर सरकवून
मेन्यूचं पान उलटलं, पुन्हा सुलटं केलं,
आणि त्या मुलीला विचारलं, "नंबर कुठे गेले?"

नंबर काढले आम्ही, ती म्हणाली.
एप्रिलपासून नवे मालक आहेत.
सोनेरी हत्तीही काढला, तो फिरता मासाही.
भिंत आता राखाडी,
आणि बाटलीत एकच वाळकी फांदी,
जिचं काय करायचं ते कुणाला ठरवता आलं नसावं.

"बरं. मग मला बेचाळीस द्या," बाबा म्हणाले.

बाहेर नोव्हेंबर. दिवस तीनलाच मावळलेला.
स्ट्रोमसुंदमध्ये अशा थंडीत माणूस
जेवायला बाहेर पडतो तो कुणाच्या वाढदिवसालाच.
आज होता.
जिचा होता ती चर्चमागच्या उतारावर आहे, दोन वर्षं झाली.
दगडावर नाव नीट कोरलंय ना, मी दोनदा पाहिलं होतं:
लामदुअन.
गावाने सत्तावीस वर्षं तिला लेना म्हटलं.

पंधरा वर्षं ती याच भिंतीपलीकडे उभी होती.
पहिल्या हिवाळ्यात चिंच मिळेना.
सुंडस्वालपर्यंत फोन केले तिने,
तिकडच्यांना वाटलं, औषध मागतेय.
शेवटी केचप घातला. वर साखर, व्हिनेगरचा एक हिसका,
आणि लाकूडगिरणीतली माणसं
ताटल्या चाटूनपुसून खाऊ लागली.
पुढे चिंच कोपऱ्यावरच्या दुकानातही आली.
तोवर बेचाळीस नंबर लाल ठरला होता.

रात्री दहाला बाबा गाडी चालू ठेवून मागच्या दाराशी.
ती यायची, केसांना तेलाचा वास,
हातात पत्र्याचा डबा,
पुठ्ठ्याच्या झाकणावर मार्करने ४२.
मी मागच्या सीटवर झोपल्याचं सोंग करायचे.

ताटली आली. जाड, हाताने घडवलेली, जरा वाकडी.
सुकी कोळंबी, दाण्याचा कूट बाजूला ढीग करून,
लिंबाची फोड, केळफुलाची एक पाकळी.
मी सहा महिने बँकॉकला काढलेत, मला कळतं.
नावं ठेवायला जागा नव्हती.
आधी आंबट, मग खारट,
आणि गोड अगदी शेवटी,
दारातच थांबलेल्या पाहुण्यासारखं.

बाबा काट्याने नूडल्स वरखाली करत होते,
किल्ली हरवलेला माणूस खिसे चाचपतो तसे.
एक घास. पाणी. आणखी एक घास.
"खाण्यासारखं आहे," म्हणाले.
आमच्याकडे हे कौतुकही असतं.
मग माझ्याकडे वाकून, हळूच,
"पण हे लाल का नाही?"

हे असंच असतं, बाबा. असंच असायला हवं होतं.
तिला तो केचप कधी आवडला नाही.
डबा आपल्यासाठी आणायची,
स्वतः सिंकपाशी उभ्याने चिकट भात खायची,
मिरचीचं पाणी लावून, आपल्याकडे पाठ करून.
तुम्ही पाहिलं नाहीत.
एवढं सगळं दातांपर्यंत आलं माझ्या.
मी त्यावर लिंबू पिळलं.

"कसं झालंय?" मुलीने विचारलं.
"उत्तम," आम्ही दोघं एकदम म्हणालो.
तिने उरलेलं बांधून दिलं, न मागता.
सहाशे चाळीस क्रोनर. बाबांनी नोटा मोजून ठेवल्या,
इथे नोटा आता कुणी घेत नाही हे विसरून.
पैसे मी कार्डाने दिले.

परतताना पेट्रोल पंपावर त्यांनी गाडी वळवली.
टाकी भरलेली होती.
काचेतून मला दिसत होते ते:
एका हातात पावात घातलेलं सॉसेज,
दुसऱ्या हाताने केचपचा पंप दाबतायत.
एकदा. दोनदा.
काउंटरवरचा पोरगा बघत राहिला. तिसऱ्यांदा.
उणे चौदात, दिव्याखाली उभे राहून
त्यांनी ते खाल्लं. घाईत नाही.
मिशीला लाल लागलं ते पुसलं नाही.

माझ्या मांडीवरचा डबा अजून कोमट होता.
झाकण कोरं.