मागताक्षणी

पेम्ब्रोकशरच्या किनाऱ्यावर, पोर्थमॉरच्या धक्क्याला
शीट पाइलची चळत अजून पडून आहे,
गंज विटकरीवरून काळ्याकडे चाललेला.
उचल घेऊन आणलेलं पोलाद ते.
अडीच लाख पौंडांची उचल,
उचलीमागे आमच्या कंपनीची हमी,
आणि हमीमागे
स्वयंपाकघरातल्या टेबलावर केलेल्या दोन सह्या.

त्यांतली एक सही करणारी बाई
आत्ता माझ्यासाठी चहा ओततेय.
नेरिस प्रॉसर. वय एकसष्ट.
शाळेत जेवण वाढायची नोकरी, आठवड्यातून चार दिवस.
नवरा मागच्या शेडमध्ये आहे, आत येत नाही.
माझा आवाज जरा चढला
की तिकडे ग्राइंडर सुरू होतो.

"एमरिस म्हणाला, इथे, इथे आणि इथे.
मी कोकराला बाटलीनं दूध पाजत होते.
एका हातानं केली सही.
बघा ना, शेपटी वाकडी गेलीय."

बघतो. गेलीय खरी.
वाकड्या सहीलाही कलम सरळच लागतं,
हे मी बोलत नाही.

मी बोलतो ते एवढंच:
लाइफबोटीचा उतार अर्धा राहिला,
बंदर मंडळानं पत्र धाडलं, चार ओळींचं,
आम्ही सहाव्या दिवशी पैसे भरले, काही न विचारता,
कारण आमच्या हमीत लिहिलंय, मागताक्षणी.
तुम्ही दिलेल्या प्रतिहमीतही तेच लिहिलंय.
तोच शब्द. कदाचित त्याच टाइपिस्टनं टाइप केलेला.

"आणि मंडळाचं चुकलं असेल तर?"

ऑफिसात नव्या पोरांना आम्ही पहिल्याच दिवशी शिकवतो:
आधी द्या, मग भांडा.
तिला सांगताना ते जरा लांबवून सांगतो.
भांडायची ती कंपनीनं,
आणि कंपनी तर अवसायनात.
अवसायक कार्डिफला बसतो,
त्याचं मीटर तासावर पडतं.

ती उठते. मेंढ्यांच्या खाद्याचं पोतं आणते,
त्यातून कागद.
भुशाचा वास येणारे दाखले, एक ते नऊ,
प्रत्येकावर मंडळाच्या इंजिनिअरची सही.
दर दाखल्यातून उचल थोडी थोडी वळती व्हायची होती,
आणि तितकीच आमची हमी बारीक व्हायची होती.
मी सवयीनं पेन्सिल फिरवतो.
चार. पाच. सहा.
आठ.

म्हणजे, सात तिच्या पोत्यात आहे,
मंडळाच्या हिशेबात नाही.
अडतीस हजार पौंड.

आमच्या कागदात एक ओळ आहे:
कंपनीनं पैसे भरल्याची पावती हाच अखेरचा पुरावा.
फसवणूक असेल तरच तोंड उघडायचं.
आणि ही फसवणूक नव्हे.
ही कुणाची तरी शुक्रवार दुपार आहे,
घाईनं बंद केलेला ड्रॉवर.

चहा गार झाला. मी तो पितो.
मी कोणाचा पगार खातो ते मला ठाऊक आहे,
आणि माझ्या घराचा हप्ताही त्याच ताटातला.
"कागद नीट लावून ठेवा," म्हणतो,
आणि लावता लावता
सातवा सगळ्यांत वर ठेवतो.
वर नुसता नाही, जरा तिरका.

ग्राइंडर थांबलेला.
दारात एमरिस, हातमोजे घातलेलाच,
माझ्याकडे नाही, त्या कागदाकडे बघत.
नेरिस काही बोलत नाही.
मग कपावर बशी पालथी घालते,
गेल्या पाहुण्याच्या कपावर घालावी तशी,
मी अजून बसलेलो असताना.

गाडीत अहवाल भरला.
भेट झाली. दोघे हजर.
मागणीपत्र हाती दिलं.
घर: दोघांच्या नावे, बँकेचा बोजा आहे.
शेड, ग्राइंडर, ट्रेलर एक.
येणे: दोन लाख तेरा हजार, व्याज रोजचं वेगळं.
शेरा, हा रकाना कोराच ठेवला,
मग खोडरबरानं आणखी कोरा केला.
मेंढ्या:
मोजल्या नाहीत.