लाइन टेस्ट

चरईत, सायकलच्या दुकानावर, पहिला मजला.
अठरा पायऱ्या, माझ्या गुडघ्यांनी मोजलेल्या.
डॉक्टर मुकादम हात धुऊन येतात
आणि माझ्या पायापाशी बसतात,
मी बसायचो तशा
खोपटच्या नाक्यावर, झाकण उघडलेल्या मॅनहोलपाशी,
आधी नुसतं बघत.

केणीकाका, श्वास सोडा.
सुई जाते. दुखत नाही म्हणतात ते खोटं आहे.
डासाएवढं दुखतं, आणि मग
कुणी दूरवर रिसीव्हर उचलावा
तसं पोटरीत काहीतरी जड होतं, उघडतं.
पोचलं? त्या विचारतात.
पोचलं.

एकतीस वर्षं टेलिफोन खात्यात केबल जोडल्या.
वरून शिसं, आत कागद, कागदात तांबं,
नंतर प्लास्टिक: पांढरा-निळा, पांढरा-नारिंगी, पांढरा-हिरवा,
झोपेतून उठवलंत तरी सांगेन.
माणूस कोलबाडात बोलतो, कळव्यात ऐकू येतो,
यात मला कधी चमत्कार वाटला नाही.
म्हणून सुई इथे आणि आराम तिथे
यावर मी वाद घातला नाही.
मुलगा घालतो. पुरावा काय, म्हणतो.
बाईंनी तर पहिल्याच दिवशी सांगितलं,
काहींना लागू पडतं, काहींना नाही,
आणि गोळ्या बंद करायच्या नाहीत.
म्हणून मी दुसऱ्यांदा गेलो.

संधिवात, नववं वर्ष.
सकाळी शर्टाचं बटण म्हणजे सरकारी कचेरी:
उद्या या.

आता काडेपेटीएवढं यंत्र आलंय.
त्याचा चिमटा डाव्या कानाच्या खळगीत.
बारीक मुंग्या येतात.
बाई केसपेपरच्या पाठीवर रेघ ओढतात,
मेंदूच्या बुडापासून गळा, काळीज, फुप्फुसं,
जठर, आतडी, कागद संपेपर्यंत.
नाव व्हेगस. म्हणजे भटकी.
एवढा लांब पल्ला, मी म्हटलं, आणि एकच जोडी?
एकच. एक डावी, एक उजवी.
आणि बरंचसं बोलणं खालून वर जातं, काका,
मेंदू ऐकतोच जास्त.
मग तक्रार कुठे नोंदवायची?
त्या हसल्या.
मी खरंच विचारत होतो.

हाच कान.
याच्यावर खांद्याने दाबून धरायचो टेस्टचा फोन,
हातात पकड, मांडीवर उघडी केबल,
हॅलो, टोन येतोय का?
पलीकडून पुंडलिक: येतोय, पण खरखर आहे.

पुंडलिक गेला त्या दुपारी
मी कापूरबावडीला होतो. खोदकामात केबल तुटली होती,
चारशे घरं बंद.
त्यातलं एक त्याचं.
त्याची बायको रिसीव्हर कानाला लावून
किती वेळ उभी होती, ते मी कधी विचारलं नाही.
हे मी मुकादमबाईंना सांगितलेलं नाही.
त्या विचारतात, झोप कशी आहे.
बरी आहे, मी म्हणतो.

त्या सांगतात त्यातलं एक मला जमत नाही.
ओठ मिटून गुणगुणा, रोज दहा मिनिटं,
नस घशाजवळून जाते.
घरी लाज वाटते. सून, नातू, टीव्ही.
मॅनहोलमध्ये गुणगुणायचो मी.
आठ फूट खाली, ओल्या विटा,
आवाज गोल फिरून छातीत परत यायचा.
वरून पुंडलिक ओरडायचा,
केणी, जिवंत आहेस ना रे?

काल जेवणानंतर गच्चीवर गेलो,
पाण्याच्या टाकीमागे.
येऊरच्या बाजूला काळोख.
ओठ मिटले. सुरुवातीला नुसता खोकला आला.
मग टाकीवर तळहात ठेवला
आणि एक सूर, कुठलंच गाणं नसलेला,
तिच्या पोटात उतरला,
हाताला कळला.
दुखणं होतंच,
शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाईसारखं,
आपल्या कामात.

खरखर आहे, पुंडलिक.
पण येतोय.